‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार

एखादी वस्तु आहे असें म्हणणारास ती दाखवून द्यावी लागते. ती नाहीं असें म्हणणारास मात्र कांहींच दाखवावें लागत नाहीं, असा व्यवहारांतील सर्वसाधारण समज आहे. सभेंत, कचेरींत, घरांतल्या वादांत, सर्वत्र पुराव्याचा भार होकार देणाराच्या माथीं पडतो आणि नकार देणारा हात झटकून मोकळा होतो. ‘कोठें दिसत नाहीं, तेव्हां नसेलच,’ हें वाक्य उच्चारतांना आपण कांहीं धाडस करीत आहों असें कोणासहि वाटत नाहीं. आमच्या मतें हा समज चुकीचा आहे. ‘नाहीं’ हा शब्दहि पुराव्यानेंच मिळवावा लागतो, आणि पुष्कळदां तो ‘आहे’ या शब्दापेक्षां अधिक कष्टानें मिळवावा लागतो, असें प्रतिपादन करण्याचा या लेखाचा हेतु आहे.

यासाठीं आम्ही जें उदाहरण घेणार आहों तें वाचकांस प्रथमदर्शनीं विलक्षण वाटेल. तें समुद्राच्या तळावर सांचलेल्या गाळाचें व त्यावर आदळणाऱ्या ध्वनीचें आहे. परंतु हें उदाहरण आम्ही जाणूनबुजून निवडलें आहे. जमिनीवर एका इंद्रियानें चुकविलें तर दुसरें सावरून घेतें. कान फसला तर डोळा आहे, डोळा फसला तर हात आहे. समुद्राच्या तळाशीं यांपैकीं बहुतेक साधनें निरुपयोगी होतात. तेथें आपण एक हांक मारतों आणि जें उत्तर येईल तेवढ्यावरच निर्णय करतों. त्यामुळें ‘उत्तर आलें नाहीं, याचा अर्थ काय?’ हा प्रश्न तेथें अगदीं निर्भेळ स्वरूपांत उभा राहतो.

समुद्राच्या पाण्यांत उजेड फार खोल जात नाहीं. २०० मीटरांच्या खालीं भर दुपारींहि संधिप्रकाशच असतो, आणि १,००० मीटरांच्या खालीं सूर्याचा किरण म्हणून पोंचत नाहीं. ध्वनीला मात्र पाणी मानवतें. हवेंत तो एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्रांत सुमारें १,५०० मीटर. १८२६ सालीं कोलादों व स्टुर्म या दोघांनीं जिनीव्हाच्या सरोवरांत पाण्याखालीं घंटा वाजविली, त्याच क्षणीं वर बंदुकीची दारू पेटविली, आणि १३ किलोमीटरांहून अधिक अंतरावर प्रकाश व नाद यांच्या येण्यांतील वेळ मोजून पाण्यांतील ध्वनीचा वेग काढला. पुढें १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ आगबोट हिमनगावर आपटून बुडाली, तेव्हां अंधारांतील अडथळा नादानें ओळखतां येईल काय, या विचारास जोर आला. १९१४ च्या एप्रिलांत रेजिनाल्ड फेसेंडेन यानें न्यू फाउंडलंडजवळच्या समुद्रांत ‘मायामी’ नांवाच्या जहाजावरून पाण्यांत नाद सोडून हिमनगावरून परत आलेला प्रतिध्वनि टिपला. आणि त्याच प्रयोगांत खालून, समुद्राच्या तळावरूनहि, प्रतिध्वनि आला. १८७२ ते १८७६ या काळांत ‘चॅलेंजर’ जहाजानें दोरी सोडून खोल समुद्रांत जीं मापें घेतलीं तीं शेंकड्यांत मोजण्याइतकींच होतीं. १९२५ ते १९२७ च्या दरम्यान ‘मेटिओर’ या जर्मन जहाजानें प्रतिध्वनीच्या साहाय्यानें दक्षिण अटलांटिकांत ६७ हजारांहून अधिक मापें घेतलीं.

या विद्येच्या यंत्रास दुसऱ्या महायुद्धांत ‘सोनार’ असें नांव मिळालें. आपल्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. परंतु बाहेरच्या खुणेवरून आंतली वस्तु ओळखणें हा धंदा दोघांचाहि एकच, आणि कसोटीचा दगड कसा आहे हें आधीं ठाऊक असल्यावांचून दोघांसहि परीक्षा करतां यावयाची नाहीं.

या कसोटीची गोष्ट जुन्या खलाशांस चांगली ठाऊक होती. ते दोरीच्या टोंकास शिशाचा गोळा बांधून खोली मोजीत. त्या गोळ्याच्या बुडाशीं एक खळगा असे व त्यांत चरबी भरलेली असे. गोळा तळाला टेंकला कीं तेथील वाळू, चिखल अगर शिंपल्यांचा चुरा त्या चरबीस चिकटून वर येई. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत हिरोडोटसनें नमूद करून ठेविलें आहे कीं, ईजिप्तचा किनारा एका दिवसाच्या वाटेवर असतांना दोरी सोडली तर अकरा वांवांवर चिखल लागतो. किनारा दृष्टीस पडण्यापूर्वींच नाइल नदीचा गाळ खलाशास देशाची ओळख सांगत असे. प्रतिध्वनीची युक्ति सांपडल्यावर खोलीचा आंकडा क्षणार्धांत हातीं येऊं लागला. पण ती चिमूटभर माती हातची गेली. तिची किंमत लौकरच कळून आली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन आरमाराच्या कामीं लागलेल्या भूशास्त्रज्ञांनीं जुन्या सागरी नकाशांवरील ‘वाळू’, ‘चिखल’, ‘खडक’ अशा बारीक नोंदी गोळा करून तळाच्या मातीचे स्वतंत्र नकाशे तयार केले. कारण कोणत्या समुद्रांत ध्वनियंत्र कितपत उपयोगीं पडेल, हें नुसत्या खोलीवरून सांगतां येईना. तें मातीवरून सांगावें लागे.

मातीचा व नादाचा हा संबंध कसा आहे, तें आतां पाहूं. नाद पाण्यांतून जाऊन तळावर पडला म्हणजे त्याचा कांहीं अंश परत फिरतो व बाकीचा आंत शिरतो. किती परत फिरावा, हें पाणी व तळ यांच्यांत भेद किती यावर अवलंबून असतें. आणि तो भेद मोजण्याचें माप म्हणजे पदार्थाची घनता व त्यांतील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार होय. वाळूच्या कणांमधल्या फटींत पाणी असतें, पण तें एकंदर आकारमानाच्या सुमारें ४० टक्के. त्यामुळें ओली वाळू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असते व तिच्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,७०० मीटर वेगानें जातो. याउलट बारीक चिखलांत ७० ते ८० टक्के पाणीच असतें. त्याची घनता पाण्याच्या दीडपटीहूनहि कमी, आणि ध्वनीचा वेग तर कित्येकदां वरच्या पाण्यापेक्षांहि किंचित् कमी असतो. या आंकड्यांवरून हिशेब केला तर सरळ खालीं सोडलेल्या नादाच्या शक्तीपैकीं सपाट वाळूवरून सुमारें सातवा हिस्सा परत येतो, आणि चिखलावरून शंभरांतून दोन-तीन हिस्से. म्हणजे चिखल हा ध्वनीच्या दृष्टीनें बव्हंशीं पाणीच आहे. एडविन हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञानें अनेक वर्षें खपून निरनिराळ्या गाळांच्या घनतेचीं, सच्छिद्रतेचीं व ध्वनिवेगाचीं मापें जमविलीं. आणि १९५६ सालीं मोरिस बायो यानें पाण्यानें भरलेल्या सच्छिद्र पदार्थांतून ध्वनि जातांना कण व पाणी हीं दोन्हीं निरनिराळ्या रीतीनें कशीं हलतात, याचें गणित मांडलें.

इतक्यावरून असें वाटेल कीं, वाळू बोलकी व चिखल मुका, एवढेंच हें प्रकरण आहे. पण पुढचा भाग याच्या उलट आहे. चिखल उत्तर थोडें देतो, परंतु नादास आंत येऊं देतो. खालच्या स्वराचा नाद त्यांत कित्येक मीटर खोल उतरतो आणि खालच्या जुन्या थरांची वार्ता घेऊन परत येतो. वाळू मोठ्यानें उत्तर देते, परंतु आंत येऊं देत नाहीं. आंत शिरलेला नाद ती लौकर जिरवून टाकते. शिवाय तळाशीं सुमारें २८ अंशांहून लहान कोन करून तिरपा आलेला नाद सपाट वाळू जवळजवळ सगळाच बाहेर फेंकून देते. अशा वाळूखालीं पुरलेला पाणसुरुंग तिरप्या नादास सांपडूं नये, असें साधें गणित सांगतें. तरीहि ते कधीं कधीं सांपडत. १९९९ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगत उथळ समुद्रांत याचा कसून तपास झाला. पाणबुड्यांनीं खालीं जाऊन वाळूचे नमुने घेतले, पृष्ठभागाचे चढउतार मोजले, आणि मगच त्यावर सोडलेल्या नादाचा हिशेब केला. तेव्हां असें दिसून आलें कीं, लाटांनीं वाळूवर उमटविलेल्या बारीक वळ्या नादास विखुरतात व त्यांतील कांहीं अंश आंत वळवितात. म्हणजे वाळूच्या पृष्ठावर वळ्या आहेत कीं नाहींत, यावर तिच्या पोटांतील वस्तु कळणें न कळणें अवलंबून असतें.

विखुरण्याचा हा विषय अधिक सूक्ष्म आहे. जहाजावरून तिरपा नाद सोडला आणि तळ आरशासारखा गुळगुळीत असला, तर नाद पुढच्या पुढें निघून जाईल. जहाजाकडे कांहींच परत येणार नाहीं. विचारणाराकडे जें परत येतें, तें तळावरील उंचवटे, गोटे, शिंपले, किड्यांनीं पोखरलेलीं बिळें यांनीं दाही दिशांस उधळलेल्या नादांतील एक लहानसा अंश असतो. मंद, चकाकी नसलेल्या पृष्ठावरून प्रकाश कसा विखुरतो, याचा नियम लँबर्टनें १७६० सालीं प्रसिद्ध केला होता. दोनशें वर्षांनीं, १९६१ सालीं, मॅकेन्झी यानें खोल समुद्रतळास तोच नियम लावून पाहिला, तेव्हां त्याच्या मोजणींत विखुरण्याचें प्रमाण सुमारें पांचशांत एक असें आलें.

पण खडबडीत कोणास म्हणावें? सेकंदास १,००० कंपनांच्या नादाची तरंगलांबी पाण्यांत दीड मीटर असते. एक लाख कंपनांच्या नादाची दीड सेंटिमीटर. दोन-तीन सेंटिमीटर उंचीच्या वळ्या असलेली वाळू पहिल्या नादास गुळगुळीत फरशी वाटते, तर दुसऱ्यास नांगरलेलें शेत. तळ तोच, आपण ज्या स्वरांत विचारलें त्याप्रमाणें त्याचें रूप पालटलें. कोणी म्हणेल कीं, मग खडबडीतपणा ही आमच्या मनाचीच कल्पना झाली आणि तळाविषयीं आपणांस खरें कांहींच कळत नाहीं. हा निष्कर्ष उतावीळपणाचा आहे. वळ्यांची उंची ठरलेली आहे, ती कोणाच्या मर्जीवर नाहीं. मात्र तिच्याविषयीं जें उत्तर मिळतें तें प्रश्नाच्या स्वरासह नोंदविलें तरच खरें असतें. स्वर गाळून नुसतें उत्तर सांगणें हें अर्धसत्य होय.

याखेरीज एक प्रकार असा आहे कीं, जेथें मधलाच कोणी आड येतो. गाळांत सडणाऱ्या सेंद्रिय पदार्थांपासून वायु तयार होतो व त्याचे बुडबुडे चिखलांत अडकून राहतात. वायूचें प्रमाण अगदीं अल्प असलें तरी हे बुडबुडे नादास इतके विखुरतात व जिरवितात कीं, त्यांच्याखालीं आलेख कोरा पडतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. कोंकण व गोमंतक यांच्या समोरील समुद्रांत सुमारें ५० ते ६० मीटर खोलीपर्यंत नद्यांनीं आणलेला बारीक चिखल पसरलेला आहे, आणि त्याच्या पलीकडे समुद्राची पातळी खालीं असतांनाची जुनी, शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू आहे. या आंतल्या चिखलाच्या पट्ट्यांत ठिकठिकाणीं वायूचे असे पडदे आढळले आहेत. १९६६ सालीं स्थापन झालेली व गोव्यांत दोना पावला येथें असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था या तळाचा ध्वनीनें अभ्यास करीत आली आहे. अशा ठिकाणीं आलेखावरील कोरी जागा पाहून ‘येथें खालीं थर नाहींत’ असें कोणी जाणता मनुष्य म्हणत नाहीं. तो म्हणतो, ‘येथें मला दिसत नाहीं.’ या दोन वाक्यांतील अंतर हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

आपल्याकडील तत्त्वज्ञांनीं या अंतराचा विचार फार पूर्वीं केला आहे. कुमारिल भट्टाच्या मतानुसारी मीमांसकांनीं व अद्वैत वेदान्त्यांनीं अनुपलब्धि म्हणून एक स्वतंत्र प्रमाण मानलें. भुईवर घागर नाहीं हें ज्ञान आपणांस होतें. तें कशानें होतें? घागर न दिसण्यानें. नैयायिकांनीं हें प्रमाण वेगळें मानण्याचें नाकारलें व अभावाचें ज्ञान प्रत्यक्षांत घातलें. तो वाद येथें बाजूस ठेवूं. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अनुपलब्धि मानणारांनींहि प्रत्येक न दिसणें प्रमाण मानलें नाहीं. त्यांनीं ‘योग्य’ हें विशेषण लाविलें. वस्तु तेथें असती तर ती दिसलीच असती, अशी सर्व सामग्री हजर असून ती दिसली नाहीं, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. उजेडांत घागर दिसली नाहीं तर घागर नाहीं. काळोखांत दिसली नाहीं तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. समुद्रतळाच्या ध्वनिशास्त्राचें अर्धें काम हें या योग्यतेचा शोध आहे असें म्हटलें तरी चालेल. येथील माती कोणती, तिच्यांत पाणी किती, पृष्ठावर वळ्या केवढ्या, पोटांत वायु आहे काय, या चौकशा पुऱ्या झाल्याशिवाय ‘असती तर कळली असती’ हें वाक्य उच्चारतां येत नाहीं, आणि तें वाक्य उच्चारतां येत नाहीं तोंपर्यंत ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार प्राप्त होत नाहीं.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, हें दाखविण्यास एक घटना पुरेशी आहे. १ जून २००९ रोजीं रिओ दि जानेरो येथून पॅरिसला निघालेलें एअर फ्रान्सचें ४४७ क्रमांकाचें विमान अटलांटिक महासागरांत कोसळलें व त्यांतील २२८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानाच्या नोंदयंत्रांस पाण्यांत पडतांच ठराविक नाद करूं लागणारीं लहान साधनें जोडलेलीं असतात. त्या काळीं त्यांची शक्ति निदान ३० दिवस टिकावी अशी योजना असे. त्या जून महिन्यांत जहाजांनीं ऐकणारीं यंत्रें पाण्यांतून ओढत नेलीं. कांहीं ऐकूं आलें नाहीं. ज्या भागावरून तीं यंत्रें गेलीं तो भाग पुढील शोधांत मागें पडला. त्याच वर्षीं व पुढच्या वर्षींहि शोध अन्यत्र झाला. १९ महिन्यांनंतर गणितज्ञांनीं सारा पुरावा पुन्हां मांडला आणि एक साधा प्रश्न विचारला: नाद करणारीं दोन्हीं साधनें मुळांत मुकींच झालीं असतील तर? हा संभव हिशेबांत धरतांच, एकवार ऐकून सोडून दिलेला भाग पुन्हां पुढें आला. २०११ च्या मार्चच्या अखेरीस स्वयंचलित पाणबुड्या खालीं सोडल्या, आणि सुमारें आठवडाभरांतच विमानाचे अवशेष सांपडले. शेवटच्या ठाऊक स्थानापासून ते अवघे १२ किलोमीटरांच्या आसपास होते, ३,९०० मीटर खोलीवर.

ते कसे सांपडले, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. भोंवतालचा प्रदेश डोंगराळ असला तरी अवशेष गाळाच्या सपाट मैदानावर विखुरलेले होते. मऊ गाळ बाजूनें आलेल्या नादास फारसें उत्तर देत नाहीं. त्याच्या त्या निःशब्दतेवर धातूचे तुकडे ठळक उमटले. तेच तुकडे खडकाळ उतारावर पडते, तर शेंकडों दगडांच्या उत्तरांत त्यांचें उत्तर मिसळून गेलें असतें. म्हणजे गाळावर ‘कांहीं दिसलें नाहीं’ या वाक्यास जेवढें वजन आहे, तेवढें खडकावर उच्चारलेल्या त्याच वाक्यास नाहीं. त्या शोधामुळें नोंदयंत्रें वर आलीं, अपघाताचें कारण कळलें, आणि शंभराहून अधिक मृतदेह समुद्रांतून वर काढतां आले. दोन वर्षें ज्यांना केवळ वाट पाहावी लागली त्या घरांची कल्पना वाचकांनींच करावी. शोधणारांचा यांत दुष्टावा नव्हता. त्यांनीं परिश्रमांतहि कसूर केली नव्हती. पण ‘ऐकूं आलें नाहीं’ या अनुभवास ‘तेथें नाहीं’ या निर्णयाचें वजन मिळालें, आणि तेवढ्यानें वाट चुकली.

येथें या प्रश्नाची नैतिक बाजू स्पष्ट होते. चुकीचा होकार आणि चुकीचा नकार हीं दोन सारखीं पापें नव्हत. चुकीच्या होकारास तपासणारा कोणी तरी भेटतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कॅलिफोर्नियाच्या समुद्रांत शास्त्रज्ञांस तळाच्या पुष्कळ वर, कित्येकशें मीटर खोलीवर, नाद परत फिरविणारा एक थर आढळला. कित्येक आलेखांवर तो तळासारखाच दिसे. परंतु हा ‘तळ’ संध्याकाळीं वर येई व पहांटे खालीं जाई. १९४५ सालीं मार्टिन जॉन्सन यानें तो प्राण्यांच्या थव्यांचा थर असल्याचें दाखविलें. ‘आहे’ म्हटल्यामुळेंच लोक तेथें पुन्हां पुन्हां गेले, आणि पुन्हां गेल्यामुळेंच चूक सुधारली. नकाराचें तसें नाहीं. एडवर्ड फोर्ब्स यानें १८४१-४२ मध्यें एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला, खोलीबरोबर प्राण्यांची संख्या घटत जाते असें त्यास आढळलें, आणि त्यावरून ३०० वांवांच्या खालीं जीव नसावा असें अनुमान त्यानें केलें. एजियन समुद्र मुळांतच प्राण्यांच्या दृष्टीनें दरिद्री आहे, हें त्या अनुमानांत धरलें गेलें नाहीं. त्यापूर्वींच, १८१८ सालीं, जॉन रॉसच्या खोली मोजण्याच्या दोरीस गुंतून तारामत्स्याच्या वर्गांतील एक प्राणी खोल पाण्यांतून वर आला होता; पण नकार एकदां रूढ झाल्यावर त्याची आठवण कोणास राहते? १८६९ सालीं ‘पॉर्क्युपाइन’ जहाजानें २,४३५ वांवांवरून जिवंत प्राणी वर काढले, तेव्हां कोठें तो समज मोडला. ‘नाहीं’ म्हटलेल्या जागीं कोणी परत जात नाहीं, आणि कोणी परत जात नाहीं म्हणून ‘नाहीं’ खरें वाटत राहतें. जी चूक स्वतःच्या दुरुस्तीची वाट बंद करून घेते, तिच्याविषयीं अधिक सावध असलें पाहिजे, हें उघड आहे.

यावर एक आक्षेप येईल व तो विचारार्ह आहे. योग्यतेची इतकी कसोटी लावीत बसलें तर मनुष्यास ‘नाहीं’ म्हणण्याची सोयच राहणार नाहीं. पाणसुरुंग शोधणाऱ्या नौकेच्या कप्तानास केव्हां तरी ‘मार्ग मोकळा’ असें सांगावेंच लागतें. न सांगितलें तर अन्नधान्याचीं जहाजें बाहेरच खोळंबतात. न्यायाधीशास निकाल द्यावा लागतो, वैद्यास रोग नाहीं असें सांगावें लागतें. अनंत काळ संशय धरणें हें शहाणपण नसून कर्तव्यच्युति आहे. हें सर्व आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें ‘नाहीं’ म्हणूं नये असें नाहीं. तें मापासह म्हणावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. कप्तानानें ‘मार्ग मोकळा’ म्हणतांना वाळूचा मार्ग व चिखलाचा मार्ग यांत भेद करावा. चिखलांत सुरुंग रुतून दिसेनासा होतो, हें त्यानें आपल्या वरिष्ठांस सांगावें. विमान शोधणाऱ्या गणितज्ञांनीं हेंच केलें. एकदां शोधलेल्या जागेस त्यांनीं शून्य दिलें नाहीं. ‘शोधलें, तरी निसटलें असेल’ या संभवास त्यांनीं एक हिस्सा राखून ठेविला. राखून ठेवलेल्या त्या हिश्शानेंच पुढें वाट दाखविली. संशय आणि कृति यांचा असा मेळ घालतां येतो, ही गोष्ट आम्हांस त्या सर्व प्रकरणांत सर्वांत बोधप्रद वाटते.

समुद्रांतून आतां क्षणभर जमिनीवर येऊं. आपल्या संसारांत व समाजांत ‘नाहीं’ हा शब्द किती सहज वापरला जातो! कचेरींतील अधिकारी अहवालांत लिहितो कीं, वर्षभरांत एकहि तक्रार आली नाहीं. तक्रार लेखी करावयाची, ती ज्याच्याविरुद्ध त्याच्याच हातीं द्यावयाची, आणि देणारास अक्षरओळख नाहीं, ही परिस्थिति अहवालांत येत नाहीं. घरांतील कर्ता पुरुष अभिमानानें सांगतो कीं, आमच्या घरांत सुनांस कसलाहि जाच नाहीं, आजवर कोणी तोंडांतून शब्द काढला नाहीं. शब्द काढला असता तर तो ऐकून घेण्यासारखी त्या घराची घडण होती काय, हें विचारण्याचें त्यास सुचत नाहीं. मास्तर वर्गास विचारतात, ‘कोणाला शंका आहे?’ आणि हात वर झाला नाहीं म्हणजे सर्वांस समजलें असें धरून पुढें जातात. या तिन्हीं ठिकाणीं अनुपलब्धि आहे, योग्यता नाहीं. दुःख असतें तर तें येथें, या रीतीनें, या माणसास ऐकूं आलें असतें काय, या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असेल तरच त्या मौनास पुरावा म्हणतां येईल.

चिखल व मनुष्य यांत एक मोठा भेद आहे, तो आम्ही विसरत नाहीं. चिखलास आपल्या निर्णयाचें सुखदुःख नाहीं. आपण त्यास रिकामा म्हटलें म्हणून त्याचें कांहीं बिघडत नाहीं. मनुष्यास एकदां ‘याला कांहीं दुःख नाहीं’ असें ठरविलें कीं, पुढें तो बोलला तरी त्याचें बोलणें खोटें ठरतें. शिवाय मनुष्य कधीं भीतीनें, कधीं लाजेनें, कधीं केवळ थकून गप्प बसतो, आणि आपल्या बोलण्याचा उपयोग नाहीं हें कळल्यावर त्याचें मौन अधिकच दाट होतें. म्हणून समुद्रतळाविषयीं जी सावधगिरी केवळ शास्त्राची शिस्त आहे, तीच माणसांविषयीं धर्म होते. तेथें विचारण्याचा स्वर बदलून पाहणें, निराळ्या बाजूनें विचारणें, आणि सरतेशेवटीं जवळ जाऊन हातानें पाहणें, हें सारें करावयास हवें. फ्लॉरिडाच्या समुद्रांत शास्त्रज्ञांस नादाचा अर्थ कळला तो पाणबुडे खालीं उतरून वाळू हातांत घेऊन वर आले तेव्हां. यंत्रें सुधारलीं म्हणून हा खालीं उतरण्याचा कष्ट टळला नाहीं, आणि आमच्या समजुतीप्रमाणें तो टळणारहि नाहीं.

सागरी नकाशांवर आजहि खोलीच्या आंकड्यांजवळ ठिकठिकाणीं बारीक अक्षरांत तळाची जात लिहिलेली असते: वाळू, चिखल, शिंपले, खडक. ज्या ठिकाणचा नमुना हातीं आला नाहीं तेथें तसें कांहीं लिहीत नाहींत. ती जागा कोरी सोडतात. नकाशा करणारास त्या कोऱ्या जागेची लाज वाटत नाहीं, कारण तिच्यामुळें पुढें जाणारा खलाशी सावध राहतो. आपणहि इतरांविषयीं जीं मतें बनवितों त्यांत अशी जागा सोडण्याची संवय लावून घेतली, तर आपल्या निर्णयांची संख्या थोडी कमी होईल. पण जे निर्णय आपण करूं त्यांवर विसंबून कोणी तरी सुखरूप पैलतीर गांठूं शकेल.